रांजणाचा मान

वाळ्याचा वास आला की माणसाला गार वाटावं. मला आधी धास्ती वाटते, मग तहान लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी परभणीच्या बाजारात वाळ्याच्या जुड्या येतात. एखादा विक्रेता जुडी पाण्यात बुचकळून झटकतो, आणि त्या ओल्या, मातकट, मुळांच्या गंधापाठोपाठ माझ्या कानात एक आवाज उठतो. पितळी ओगराळं रांजणात उतरतानाचा आवाज. पाणी तळाला गेलेलं असलं की तो घुमायचा. रांजण काठोकाठ असला की ओठ मिटावेत तसा मिटून जायचा. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कौसल्याबाई आपल्या खोलीत बसून त्या आवाजावरून ओळखायच्या, की पाणी किती उरलं आणि प्यायची मुलं किती उरली. दोन्हींचा मेळ बसत नाही असं वाटलं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. पदराचं टोक दातांत, आणि नजर रांजणाकडे.

पदराचं ते टोक कायम ओलसर असे. फिकट रंगाच्या सुती साड्या, कपाळावर गोंदण, हातांत काचेच्या मोजक्या बांगड्या, आणि खांद्यावरून पुढे ओढलेलं, चावून चावून धागे सुटलेलं हे टोक. मुख्याध्यापक म्हटलं की जो दरारा डोळ्यांपुढे येतो तो त्यांच्यापाशी नव्हता. आवाज बारीक. छडी नाही. त्यांना भीती वाटायची, आणि ती लपवण्याची कला त्यांना साधलेली नव्हती. विहिरीचा ढासळता काठ, ओढ्यापलीकडून येणाऱ्या मुली, सातवीच्या खोलीतली वाळवी लागलेली तुळई, संध्याकाळची लांबलेली एस. टी.; या सगळ्यांची त्यांना फिकीर असे. फिकीर हा त्यांचा शब्द. तो उच्चारताना त्यांच्या गळ्याची शीर हलायची.

‘‘बाई, तुम्ही इतक्या का हो घाबरता?’’ असं मी एकदा धीर करून विचारलं.

त्या थोडं हसल्या. ‘‘ज्याला फिकीर हाय त्यानंच फाटक सांभाळावं. निर्धास्त माणूस कडी लावायची विसरतो.’’

पाथरीच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरून कच्च्या वाटेनं आत चालत गेलं की आमचं गाव लागे. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा माझ्या डोक्यात कवितेची वृत्तं होती आणि पायांत शहरी चपला. ऐंशीनंतरची ती वर्षं. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न मराठवाड्याच्या अंगात मुरलेल्या तापासारखा होता; कधी उतरलासा वाटे, कधी एका रात्रीत चढे. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात कित्येक गावांतल्या वस्त्या जळल्या होत्या, आणि त्या धुराचा वास गेला असं छातीवर हात ठेवून कुणी म्हणत नव्हतं.

पहिल्या दिवशी उन्हातून चालत मी शाळेच्या व्हरांड्यात शिरले, तेव्हा घशाला कोरड पडली होती. लाल, घामेजलेल्या अंगाचा मोठा रांजण तिवईवर विसावलेला, त्याच्या तोंडाला ओलं फडकं, आणि शेजारी खाकी टोपीतला शिपाई कोंडिबा. त्यानं काही न विचारता पेला भरून पुढे केला. ‘‘आदी पाणी, बाई. नाव गाव मागून.’’

मग कौसल्याबाईंनी रुजू करून घेण्याचे सोपस्कार केले. मी विचारलं, ‘‘कोणता वर्ग घेऊ?’’

‘‘ते मला काय विचारता? आज मान कोंडिबाचा हाय.’’

मला थट्टा वाटली. पण कोंडिबा दारात आला, त्यानं मला नखशिखांत न्याहाळलं आणि गंभीरपणे निर्णय दिला, ‘‘आठवी ब मदी जावा. लय वांड लेकरं हाईत, पर दिवाळीपासून त्यांना मराठीला कोण न्हाई. अन् त्या खोलीला वारं हाय. तुमी नव्या हात, तुमाला वारं लागंल.’’ मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मी आठवी ब मध्ये गेले, आणि कोंडिबाचं दोन्ही बाबतींत खरं निघालं.

गावात मान हा शब्द फार जड होता. पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी कुणाची, होळीला पहिला नैवेद्य कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्यांचे अबोले होते. कौसल्याबाईंनी नेमका तोच शब्द उचलला आणि शाळेतल्या सर्वांत हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाच्या माथ्यावर ठेवला. रांजण भरून सगळ्यांना पाणी देणं, याला त्या मान म्हणायच्या. तो रोज फिरता असे. शिक्षक, शिपाई, दहावीची मुलं-मुली, स्वतः बाई, सगळ्यांच्या वाट्याला तो यायचा. मानकऱ्यानं सकाळी लवकर यायचं, रांजण बाहेरून घासायचा, विहिरीचं पाणी शेंदून, गाळून आत ओतायचं. कालचं उरलेलं पाणी फेकायचं नाही. आमच्या भागात पाणी फेकणाऱ्याला नाव ठेवतात. मग वाळ्याची जुडी सोडायची आणि दिवसभर प्रत्येकाला स्वतःच्या हातानं पाणी द्यायचं. त्या दिवशी शाळेतला शब्द त्याचा. भांडणाचा निवाडा, कुणाला घरी सोडायचं, खेळाचा तास घ्यायचा की ऊन फार आहे, हे तो ठरवी, आणि बाई त्यावर चकार शब्द काढत नसत.

‘‘ज्यानं सगळ्यांना पाणी दिलं त्यानं सगळ्यांची तोंडं जवळून पाह्यली,’’ त्या म्हणायच्या. ‘‘कोण रडून आलंय, कोण उपाशी आलंय, त्याला ठावं. मला खोलीत बसून काय कळतंय?’’

या पद्धतीची फळं नेहमीच गोड नसत. दहावीतल्या एका पोरानं मानाच्या जोरावर भर दुपारी अख्खी शाळा सोडून दिली होती, कारण गावात तंबूतला सिनेमा आला होता. बाईंनी निर्णय फिरवला नाही. दुसऱ्या दिवशी चिडलेले पालक फाटकाशी जमले तेव्हा त्या पोराला पुढे करून एवढंच म्हणाल्या, ‘‘शब्द तुझा होता, जबाब बी तुझा.’’ मात्र तो बोलत असताना पूर्ण वेळ त्याच्या मागे उभ्या राहिल्या.

मानकऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी प्यायचं, असा नियम होता. बाईंची खरी फिकीर इथं सुरू व्हायची. देणाऱ्याच्या हाताला दिवसभर पाण्याचा स्पर्श होत राहतो आणि त्याला वाटतं आपण प्यालो. म्हणून शाळा सुटायच्या आधी कुणीतरी मानकऱ्याला विचारायचंच, ‘‘प्यालात?’’ बहुधा ते बाईच विचारायच्या. कोंडिबाला, दहावीच्या मुलीला, मला. उत्तर ऐकल्याशिवाय खोलीला कुलूप लागत नसे. या नियमाचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं, तेही रांजणाचं फडकं पिळता पिळता, पाठमोऱ्या राहून. ‘‘आमच्या आईला असं कुणी विचारल्याचं मी ऐकलं न्हाई.’’

मान नाकारणाऱ्यालाही एक कायदा होता, आणि तो पहिल्यांदा लागू झाला कदम सरांना. कदम सर खेळाचे शिक्षक. गावातल्याच मोठ्या शेतकरी घराण्यातले, भरघोस मिशा, गळ्यात शिट्टी. त्यांच्या मानाच्या दिवशी ते आलेच उशिरा, आणि रांजणाशी न थांबता म्हणाले, ‘‘घरी मी तांब्या उचलत न्हाई. इथं काय पाणक्या हाव का मी?’’

बाईंनी स्वतः पाणी भरलं. शनिवारच्या बैठकीत सांगितलं, ‘‘ज्याला द्यायचं नसंल त्यानं पुढची अमावस्या होईस्तोवर बैठकीत निस्तं ऐकायचं. बोलायचं न्हाई.’’

कदम सर हसले. पण पहिल्याच बैठकीत त्यांची तारांबळ उडाली. बोलण्याची सवय इतकी, की हात आपोआप वर जात. मग मिशीला पीळ घालण्याचं सोंग करावं लागे. एकदा तर अनावर होऊन त्यांनी शिट्टीच फुंकली. आम्ही तोंडात पदर कोंबले. अमावस्या उलटली. सगळ्यांनी कान टवकारले, आता हा माणूस गडगडणार. कदम सर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘पोरींच्या संडासाला कडी न्हाई. आठवीतल्या पोरी आपसांत कुजबुजत होत्या. मी सुताराला सांगितलंय.’’ आणि खाली बसले. त्या दिवसानंतर रांजणाचा मान त्यांनी कधी चुकवला नाही.

आता सावळे सरांविषयी सांगायला हवं, कारण बाईंची जी आठवण मला आजही स्वस्थ बसू देत नाही तिच्या मध्यभागी ते उभे आहेत.

सावळे सर गणित शिकवायचे. शेजारच्या गावातल्या बौद्ध वस्तीतून सायकलवर येत. बाह्यांवर कायम खडूची भुकटी, आणि गणितात नापास झालेल्या मुलालाही हसवण्याची हातोटी. ‘‘अरे, शून्य मिळालं म्हणून रडायलास? शून्य आपल्याच देशाचं हाय, घरचं समज.’’ अठ्ठ्याहत्तरमध्ये त्यांच्या मामाचं घर जळालं होतं. ते त्याविषयी बोलत नसत. पण शेजारी कुणी काडी ओढली की त्यांचं वाक्य मध्येच तुटायचं. त्यांच्या मानाच्या दिवशी पाणी सर्वांत गार असे, कारण ते सर्वांच्या आधी, अंधुक उजेडातच येऊन भरत. शेतकऱ्यांची मुलं, वस्तीतली मुलं, सगळी त्यांच्या हातचं पीत. मात्र काही मुलांनी आपसांत ठरवून टाकलं होतं, की ही गोष्ट घरी बोलायची नाही. मुलांच्या त्या शहाणपणाची मला भीती वाटे.

त्या वर्षी फाल्गुन उतरणीला लागला तेव्हा ताप पुन्हा चढला. तालुक्याला एक मोर्चा निघाला, त्याला उत्तर म्हणून दुसरा. फाट्यावरच्या हॉटेलात माणसं एकमेकांकडे न पाहता चहा पिऊ लागली. शाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं शिवी लिहिली. कोंडिबानं ती चुन्यानं पुसली, पण चुना वाळला की अक्षरं पुन्हा धूसर वर येत. बाईंच्या पदराचं टोक त्या आठवड्यात पार झिजून गेलं.

आणि एका दुपारी आबा आले. शाळा समितीचे अध्यक्ष, पांढरं धोतर, हातात काठी. बाईंच्या माहेरच्या नात्यातले, म्हणून त्यांना अक्का म्हणत. मी मुलांचे निबंध तपासत कोपऱ्यात बसले होते.

‘‘अक्का, उद्या रांजणावर सावळे हाय म्हनं.’’

‘‘उद्या त्यांचा मान हाय, आबा.’’

‘‘मान!’’ आबा हसले. ‘‘शब्द लय भारी निवडता तुमी. हे बगा, गावाची जिम्मेदारी मी घेतो. पर उद्या तालुक्याहून पोरं यायलीत, गरम डोक्याची. त्यांनी कुणाला बघितलं, कुणाच्या हातात ओगराळं बघितलं, अन् डोकं फिरलं मंजे? त्या सावळेची माय म्हातारी हाय. तुमच्या नियमापायी तिच्या लेकाचं डोकं फुटलं तर तिला काय सांगचाल?’’

आबा निर्दय नव्हते. त्यांना बाईंची फिकीर नेमकी कुठं राहते ते ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याच दारावर हात ठेवला होता. आबा गेल्यावर बाईंनी रांजणाकडे जाऊन ओगराळं उगाचच पाण्यात बुडवलं आणि तसंच बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. विहिरीचा रहाट करकरत होता. बाई पाणी शेंदत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, श्वास लागलेला. रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता. थोड्या वेळानं सावळे सरांची सायकल फाटकातून आत आली. सायकल लावून ते बाह्या दुमडत दुमडत व्हरांड्याकडे येऊ लागले आणि पायरीशी थांबले.

‘‘सर, आज मी उभी राहते,’’ बाई घाईनं म्हणाल्या. ‘‘दिवस बरा न्हाई. तुमच्या जिवाची फिकीर वाटते.’’

सावळे सरांनी रांजणाकडे पाहिलं, बाईंच्या ओल्या साडीकडे पाहिलं. ‘‘बरं, बाई,’’ ते म्हणाले. मग दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या आणि मनगटावरच्या गुंड्या लावल्या. आधी डाव्या हाताची, मग उजव्या हाताची. आणि वर्गाकडे निघून गेले.

मधल्या सुट्टीत ती पोरं आली. जीपमधून आली, फाटकाशी थांबली, व्हरांड्यात पाणी देणाऱ्या प्रौढ बाईंकडे पाहून त्यांतल्या एकानं नमस्कारही केला. धूळ उडवत जीप निघून गेली. काहीही झालं नाही. कोंडिबानं टोपी काढून कपाळ पुसलं. कदम सर म्हणाले, ‘‘वाचलो.’’ मला हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी कुठंतरी काहीतरी बोचलंही.

दुपारनंतर आठवी ब मध्ये मी कविता वाचून घेत होते. वस्तीतून येणारी एक मुलगी उभी राहिली. तिचे ओठ शब्दाशब्दाला एकमेकांना चिकटत होते. एका ओळीच्या मध्यावर तिची जीभ टाळूला लागल्याचा कोरडा आवाज मला ऐकू आला. ‘‘पाणी पिऊन ये,’’ मी म्हणाले. तिनं मान हलवली. ‘‘तहान न्हाई, बाई.’’

मग लक्षात आलं. सावळे सर सकाळपासून रांजणाकडे फिरकले नव्हते. आपले सर पीत नाहीत हे वस्तीतल्या मुलांनी पाहिलं होतं, आणि एकमेकांना एक अक्षर न सांगता तीही पीत नव्हती. चैत्राची चाहूल लागलेली ती दुपार. वाळ्याचा गंध व्हरांडाभर, आणि शाळेत अर्धवट मिटलेले, पांढुरके ओठ.

बाईंना हे कुणी सांगावं लागलं नाही. शाळा सुटायच्या सुमाराला ओगराळं रांजणात घुमायला हवं होतं. ते घुमेना. पाणी रोजच्याइतकं खाली गेलंच नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा ओगराळं बुडवून ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

घंटा झाली. मुलं पांगू लागली. सावळे सर व्हरांड्यात आले आणि बाईंच्या समोर उभे राहिले.

‘‘प्यालात?’’ त्यांनी विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग अडखळत म्हणाल्या, ‘‘तुमी बी दिवसभर प्याला न्हाईत, सर.’’

‘‘माझ्या मानाच्या दिवशी मी सगळ्यांच्या मागून पितो,’’ सावळे सर शांतपणे म्हणाले. ‘‘तुमचाच नियम हाय. आज मान माझा. सगळे कुठं प्याले अजून? तुमी राह्यलात की.’’

बाईंच्या हातातून ओगराळं त्यांनी हलकेच घेतलं. पेला भरला. बाई दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर उतरत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. मग फाटकाशी घुटमळणारी वस्तीतली मुलं परत फिरली. सावळे सरांनी एकेकाला दिलं. शेवटी ते स्वतः प्याले.

‘‘सर, तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर...’’ बाई म्हणाल्या.

‘‘झालं असतं, बाई. मला बी रातभर झोप न्हवती. पर मला इचारलं असतं तर मी म्हणलो असतो, तुमी माझ्या बाजूला उभ्या ऱ्हावा. तुमी माझ्या जागेवर उभ्या राह्यलात.’’

हे ते रागानं म्हणाले असते तर सोपं झालं असतं. ते गणितातली चूक दाखवावी तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाई पुढे आल्या. त्यांचा बारीक आवाज त्या दिवशी मागच्या रांगेपर्यंत पोचला, कारण कुणी हलत नव्हतं. ‘‘काल मी सावळे सरांचा मान काढून घेतला. त्यांना न इचारता. भीती मला वाटली, अन् तहान लेकरांनी सोसली. कदम सरांना जो कायदा लावला तोच मला. पुढल्या अमावस्येपर्यंत मी बैठकीत बोलणार न्हाई, शाळेच्या कारभारात शब्द टाकणार न्हाई. आज मान सावळे सरांचा.’’

गाव धुमसत असताना मुख्याध्यापिकाच मुकी! कदम सर धावत त्यांच्या मागे गेले. ‘‘बाई, आत्ताच का? हे दिवस निघून जाऊ द्या, मग खुशाल गप बसा की!’’ बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. कायदा सुरू झाला होता.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी फाट्यावर उतरलं की मी आधी नाकानं हवा हुंगायची, कुठं धूर तर नाही. शाळेत प्रत्येक गोष्ट आम्हालाच ठरवावी लागे, आणि प्रत्येक ठरवण्याआधी नजर नकळत बाईंच्या खुर्चीकडे जाई. बाई तिथं असत. ऐकत. कुणी घाबरून बोलायचं थांबलं तर त्याच्या शेजारी येऊन बसत. एवढंच.

आणि आबा पुन्हा आले. या वेळी व्हरांड्यातच उभे राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. ‘‘अक्का, दोन रांजण ठेवा. एक हिकडं, एक तिकडं. मोडतोड न्हाई, भांडण न्हाई. दुसऱ्या रांजणाचा खर्च माझा.’’

बाई खुर्चीत होत्या. पदराचं टोक दातांत गेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, बाई, आज तरी बोला. त्यांनी नुसतं रांजणाकडे बोट दाखवलं. तिथं त्या दिवशीचा मानकरी उभा होता. कदम सर.

कदम सरांच्या कपाळावर घाम डवरला. आबा त्यांच्या भावकीतले, वयानं वडील. त्यांनी पेला भरला. ‘‘आबा, आदी पाणी घ्या. उन्हातून आलाव.’’

‘‘कुणी भरलंय?’’

‘‘मी.’’

‘‘मग दे.’’ आबांनी पेला घेतला, ओठांजवळ नेला.

‘‘वरचं मी भरलंय,’’ कदम सर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. ‘‘तळाला काल सावळे सरांनी भरलेलं हाय. निवडून देऊ काय?’’

पेला हवेत थांबला. व्हरांड्यातल्या चिमण्यांचा कलकलाट एकाएकी फार मोठा वाटू लागला.

‘‘कदम,’’ आबा हळू आवाजात म्हणाले, ‘‘तू आपल्या भावकीतला.’’

‘‘हाव की. म्हणून खरं सांगितलं. परक्याला निस्तं पाणी दिलं असतं.’’

आबांनी पेला कठड्यावर ठेवला. एक थेंबही न सांडता ठेवला, हे मला आठवतं. काठी टेकत पायऱ्या उतरले आणि गेले. दुसरा रांजण आला नाही. तो येईल या भीतीनं मात्र आम्ही कित्येक दिवस फाटकाकडे पाहत राहिलो.

तो भरलेला पेला कठड्यावर तसाच होता. कुणाला हात लावावासा वाटेना. शेवटी बाई उठल्या. त्यांना बोलायला बंदी होती, प्यायला नव्हती. त्यांनी तो पेला उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी लिहू शकत नाही. काही घरांनी आपली मुलं काढून पाथरीच्या शाळेत घातली. वर्गातल्या त्या रिकाम्या जागा मुलं भरत नसत. मध्ये दप्तर ठेवून बसत. पाडव्यानंतर त्यांतली काही परत आली, काही आली नाहीत. आणि उन्हाळी सुट्टी लागण्याच्या सुमाराला बाईंची बदली झाली. मुदत भरलीच होती, असं म्हणणारे होते. आबांनी वर शब्द टाकला, असंही म्हणणारे होते. सातवीच्या तुळईला टेकू लावून घ्या, एवढंच बाई कोंडिबाला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

शेवटच्या दिवशी रांजणाचा मान माझा होता. बाई मुलांच्या रांगेत उभ्या राहून माझ्या हातचं पाणी प्यायल्या. सावळे सरांनी त्यांची ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली, कदम सर वळकटी घेऊन पुढे झाले, आणि तिघं फाट्याच्या वाटेला लागले. मला निघता येईना. रांगेत अजून मुलं होती. त्यांचे चेहरे माझ्यासमोरून एकामागून एक सरकत होते, आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की प्रत्येक चेहऱ्याला आपण किती जवळून पाहतो आणि त्यानं छातीवर किती ओझं येतं.

शेवटचं मूल पिऊन झालं तशी मी धावत सुटले. उन्हानं वाट पांढरी पडली होती. फाट्यावर पोचले तेव्हा एस. टी. सुरू झाली होती. खिडकीत बाई, पदराचं टोक दातांत.

मला किती तरी विचारायचं होतं. नवे मुख्याध्यापक हा मान ठेवतील का? दुसरा रांजण आणलाच तर आम्ही काय करायचं? सावळे सरांच्या बाजूला उभं राहायची वेळ आली आणि माझे पाय लटपटले तर? मी खिडकीच्या गजांना धरून हे सगळं एका दमात बोलले की काय, आता आठवत नाही. इंजिनाचा आवाज फार होता. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली.

बाईंनी पदर दातांतून सोडला. त्या माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हत्या. माझ्या ओठांकडे पाहत होत्या. गाडी हलली, तशा त्या खिडकीतून बाहेर वाकल्या आणि म्हणाल्या,

‘‘प्यालात?’’